संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

मंचरच्या स्टँडवर तुम्ही लाल गाडीत चढता तेव्हा पाऊस नुकता थांबलेला असतो. खिडकीची काच दर खड्ड्याला थोडी खाली घसरते. सीटखाली कोणाचं तरी कोंबड्यांचं डालगं आहे. मागच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलंय: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. हे शब्द तुम्ही लहानपणापासून वाचत आलात. तो मार्ग कधी कोणी उघडलेला मात्र पाहिला नाही.

कंडक्टर येतो. "बोला पाव्हणं, कुठं?"

"माळीण."

"कोणतं साल?"

आपण चुकीचं ऐकलं असं तुम्हाला वाटतं. पण तो खरंच उत्तराची वाट बघत उभा आहे. शेवटी तोच एक तिकीट फाडून तुमच्या हातात देतो. "गाडी थेट नाय जात. मधले थांबे घ्यावे लागतात. आन् एक सांगून ठेवतो, उतरल्यावर कोणाला सावध करायला जाऊ नका. तुमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं नाय."

डबल बेल वाजते.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. ही गाडी मात्र त्याच्याही मागे जाते. तुम्ही पायउतार होता तो दिवस आहे 16 एप्रिल 1921, रामनवमी. ठिकाण मुळशी पेटा. उन्हात डोंगर करपलेत, खाचरं कोरडी आहेत आणि त्यांच्या कडेला राब भाजून काळे पडलेले चौकोन दिसताहेत. जूनमध्ये इथंच आंबेमोहराचं रोप टाकायचं, असं इथल्या माणसांनी धरून ठेवलंय.

पण नदीकडे जाणाऱ्या माणसांच्या हातात आज कोयता नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीचं धरण इथं होणार आहे आणि शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या रानात चर खणले गेलेत. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसतात. या लढ्यातल्या पांडुरंग महादेव बापटांना लोक पुढे सेनापती म्हणतील. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तुमच्या कानांवर येते. तुमच्या शेजारी एक म्हातारी पदरानं वारा घेत बसली आहे. ती कोणाला तरी सांगत असते, "पैका किती दिस पुरंल? रान पिढ्यांना पुरतंय."

सत्याग्रह 1924 पर्यंत रेटत जाईल, मग मोडेल. धरण होईल, गावं पाण्याखाली जातील. तुम्हाला हे ठाऊक आहे, तिला नाही. कंडक्टरनं बजावलेलं असूनही तुम्ही तोंड उघडता. ती तुमच्या आरपार नदीकडे बघत राहते.

पुढचा थांबा 1960. कोयनेचं खोरं, ऐन उन्हाळा. एका अंगणात ट्रक उभा आहे आणि त्यात घर चढतंय: तुळया, कौलं, जातं, उखळ, गाईचं दावं. एक बाई ओसरीवरून पाटा उचलते, परत खाली ठेवते. जड आहे, पण तिच्या सासूचा आहे. शेवटी तो कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन ती ट्रकमध्ये चढते.

यातले कोणी सोलापूर जिल्ह्यात जाणार आहेत, कोणी सांगलीकडे, कोणी खाली ठाणे-कुलाब्याकडे. एका गावाचे तुकडे वेगवेगळ्या तालुक्यांत पडतील. भात पिकवणारी आणि भात खाणारी माणसं ज्वारीच्या काळ्या रानात उतरतील. रानात लाकूडफाटा नाही, पायाशी ओढा नाही, सोयरिकीचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. कागदावर लिहिलं जाईल, 'पुनर्वसन झाले'. धरणातून वीज सुरू होईल. या माणसांची नातवंडं मात्र जमिनीसाठी एकविसाव्या शतकातही धरण्याला बसलेली असतील.

तुम्ही गाडीत परत येता तेव्हा शेजारच्या सीटवर एक गृहस्थ येऊन बसलेले असतात. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, मांडीवर फायलींची पिशवी. निवृत्त तलाठी. तुम्ही काही विचारण्याआधीच ते सुरू करतात.

"धरणग्रस्तांनी एक घोषणा दिली होती, आधी पुनर्वसन, मग धरण. लढले म्हणून 1976 ला राज्यात कायदा झाला. पूर्ण पाळला का? नाही. पण निदान शब्द तरी मिळाला, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. दाखला मिळतो, अर्ज करता येतो, नाही मिळालं तर भांडता येतं. 2013 ला केंद्राचा भूसंपादनाचा कायदा आला, त्यातही पुनर्वसन आहे. मात्र तो लागू व्हायला सरकारनं जमीन घेतलेली असावी लागते. डोंगरानं घेतली तर?"

"तर काय?"

"तर पंचनामा."

यावर तुम्ही काही बोलायच्या आत गाडी वळते आणि वाऱ्याला खारा वास येतो. कंडक्टर ओशाळल्यासारखा हसतो. "हा थांबा आपल्या डेपोतला नाय. पण माळीणच्या आधी बघूनच घ्या."

जानेवारी 2014. फिजी देशातलं वानुआ लेवू बेट, नातेवा उपसागराचा काठ. वुनिडोगोलोआ नावाच्या या गावात भरतीचं पाणी घरांत शिरतं. बंधारे बांधून झाले, टिकले नाहीत. पिकाच्या जमिनीत मीठ उतरलंय. गावानं 2006 मध्येच सरकारकडे मदत मागितली होती. आज, आठ वर्षांनी, गाव उठतंय. सुमारे दोन किलोमीटर आत, चढावर, 30 घरं उभी आहेत. जागा परकी नाही, त्यांच्याच कुळाच्या मालकीची. घरांना लागणारं लाकूड गावानं स्वतःच्या रानातून दिलं. मासे पाळायला तळी खणली आहेत, खोबरं वाळवायला भट्टी आहे. नव्या जागेला लोक केनानी म्हणतात. बायबलमध्ये देवानं देऊ केलेल्या भूमीचं ते नाव.

सगळं गोड आहे असं समजू नका. एक बाई नव्या घरात फिरते, सगळ्या खोल्या बघते आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहते. आराखड्यात स्वयंपाकघरच नाही. विसरले. आणि पूर्वजांची थडगी जुन्या गावात, समुद्राच्या तोंडाशी राहिली आहेत. म्हातारे मागे वळून बघताहेत ते तिकडेच. तरी तुम्ही डोकी मोजता. निघताना होती तेवढी सगळी पोचली आहेत.

गाडीत बसताना तुम्ही तिकीट बघता. पुढचा थांबा त्याच वर्षाचा, फक्त सहा महिने नंतरचा.

30 जुलै 2014, बुधवार, सकाळ. वायपर चालू असूनही समोरचं दिसत नाही. आंबेगाव तालुक्याच्या या कोपऱ्यात तुम्ही घाटानं वर चढताय. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. भात, नाचणी, वरई, आणि जंगलातला हिरडा गोळा करून विकायचा. उतारावर बांध घालून खाचर तयार करायचं, त्याला इथं पडकई म्हणतात. आवणीचे दिवस आहेत. बाया डोक्यावर इरली घेऊन वाकलेल्या दिसायला हव्यात.

गाडी थांबते. तुम्ही थांबा ओळखू बघता, पण ओळखायला काही नाही. डोंगराच्या अंगावरून एक लाल जखम खाली उतरली आहे आणि जिथं घरं होती तिथं चिखल आहे. त्या सकाळी खरोखरच एका एसटी चालकाच्या लक्षात आलं होतं की गाव जागेवर नाही. बाहेरच्या जगाला खबर गेली ती त्याच्यामुळे. आत असलेल्या कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नव्हता.

तुम्ही चिखलात उतरता. कुठूनसा पाण्याचा खळखळाट येतोय, बाकी आवाज नाही. कौलांचे तुकडे. एक स्टीलचा हंडा, उभा, जणू कोणी आत्ताच भरून ठेवला आहे. 151 माणसं इथं गेली. पुढचे कित्येक दिवस यंत्रं आणि जवान चिखल उपसत राहतील आणि टीव्हीवर कारणांची चर्चा होईल. कोणी म्हणेल यंत्रानं केलेल्या पडकईमुळे झालं, कोणी म्हणेल जंगलतोड, कोणी म्हणेल पाऊसच तसा होता. डोंगराला भेग कधी पडली, आणि पडलेली कोणी पाहिली तर त्यानं ती सांगायची कोणाला, हा प्रश्न त्या चर्चेत येणार नाही.

तलाठी खाली उतरलेच नाहीत. ते काचेतून बघत म्हणतात, "आता हे ग्रस्त झाले. आता यांना सगळं मिळेल."

त्यांचा आवाज कडवट आहे. ते उपहासानं बोलत नाहीत हे तुम्हाला जरा उशिरा कळतं. त्यांनी आयुष्यभर पंचनामे लिहिले आहेत.

2017 चा जून. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जवळपास तीन वर्षं काढली आणि या 2 एप्रिलला जवळच्या आमडे गावात त्यांना नवी घरं मिळाली. 67 पक्की घरं, रस्ते, शाळा. तुम्ही रस्त्यावरून चालता. अंगणांत झेंडू लावलेत, एका ओट्यावर भात निवडायला बसलेल्या आजी आहेत. सरकारी काम असं असावं, असं तुमच्या मनात येतं.

मग पाऊस येतो. जोराचा, पण सह्याद्रीत जूनमध्ये येतो तसाच. रस्त्याला भेग पडते. एके ठिकाणी भराव खचतो, गटार तुटतं, संरक्षक भिंत सरकते. इमारती उभ्या आहेत आणि कोणाला खरचटलेलंही नाही. पण भेग बघताच आजी सूप टाकून उठतात आणि आत जाऊन नातवंडाला उचलून घेतात. दुरुस्ती होईल, अधिकारी येतील, खुलासा करतील की मुख्य घरांना धोका नाही. अभियंत्याच्या दृष्टीनं तो भरावाचा दोष असेल. ज्यांचं अर्धं घर डोंगरानं नेलं, त्यांना त्या भेगेत दुसरंच काही दिसतं. नवी जागा एक पावसाळा नुसती बघून मग माणसं आणली असती, तर ही धास्ती टळली असती. घाई झाली होती. आणि घाई झाली ती आधीची सगळी वर्षं कोणालाच घाई नव्हती म्हणून.

पुढच्या थांब्याला वेळ आहे. तलाठी पिशवीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढतात. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये मांडलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आता एकदम येतं आणि एकदम कोसळतं. तलाठी दुसरं कात्रण काढतात. जुलै 2021, महाबळेश्वर, 24 तासांत 594 मिलिमीटर. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात साधारण जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. त्याच 22 जुलैला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली.

"पंधराव्या वित्त आयोगानं पहिल्यांदा नवं खातं काढलंय," ते सांगतात. "नदीनं किंवा समुद्रानं जमीन खाल्ली तर त्या लोकांना दुसरीकडे वसवायला 1000 कोटी. चांगली गोष्ट. पण धूप म्हणजे पाण्यानं हळूहळू खाल्लेलं. डोंगर एका रात्रीत खातो, तो त्या खात्यात बसत नाही."

2023 चा थांबा येतो तेव्हा गाडी चौक गावाच्या बाजूला उभी राहते. कंडक्टर म्हणतो, "पुढं रस्ता नाय. चालत जा." ही वाट तुमच्या ओळखीची आहे. इर्शाळगडाच्या ट्रेकला तुम्ही, नाहीतर तुमचा भाऊ, तुमची मुलगी, इथून गेला असाल. वाटेत ठाकरांची वाडी लागते, कारवीच्या कुडांची घरं. तिथं पिठलं-भाकरी मिळते, ताक मिळतं. तुम्ही फोटो काढला असेल, मागं गड, पुढं वाडी, आणि खाली लिहिलं असेल, 'स्वर्ग'.

19 जुलै 2023, रात्र. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. तुम्ही वाडीच्या कडेला उभे आहात, साडेदहा वाजून गेलेत, बहुतेक घरांतले दिवे मालवलेत. आणि मग डोंगरातून एक आवाज येतो.

सकाळी धुकं इतकं की हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. यंत्र वर चढत नाही. माणसं टिकाव-फावडी घेऊन तास-दीड तास चढून येतात. अग्निशमन दलातला एक जण त्या चढावरच प्राण सोडतो. हातांनी चिखल उपसून चार दिवसांत 27 देह सापडतात. 23 जुलैला शोध थांबवतात. 57 माणसं बेपत्ता, आणि ती तशीच डोंगरात राहणार. काही मुलं आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती म्हणून वाचली. पण आता त्यांना सुट्टीत जायला घर उरलेलं नाही.

विधिमंडळात सरकारनं सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

हे ऐकून तलाठी डोळे मिटतात. "यादीत नसलेला माणूस जिवंत असतो. यादीत येतो तो मेल्यावर. आमच्या खात्याचं हे असंच आहे, सालोसाल."

वाचलेल्या कुटुंबांना पायथ्याशी कंटेनरमध्ये ठेवलं आणि चौकजवळ सिडकोनं त्यांच्यासाठी घरं बांधायला घेतली. पुढचा पावसाळा उजाडला तेव्हाही कुटुंबं कंटेनरमध्येच होती. कारवीच्या कुडातून वारा खेळायचा. पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. वर खाचर आहे, गुरांचं रान आहे, खाली मजुरीची वाट बघणं आहे. पक्कं घर मिळालं तरी भाकरी कुठून यायची, हा प्रश्न घराच्या चावीबरोबर कोणी हातात ठेवत नाही.

शेवटच्या थांब्याचं तिकीट पुसट झालंय, साल वाचता येत नाही. कंडक्टर खांदे उडवतो. "हे अजून छापलेलं नाय. बघून घ्या, वाटलं तर."

मे महिना आहे, कुठल्यातरी वाडीवर. नाव सांगता येत नाही, कारण ती आज जिथं आहे तिथून अजून हललेली नाही. फणसाखाली ग्रामसभा भरली आहे आणि सभा त्यांच्याच बोलीत चालली आहे. साहेबानं बोलायला सुरुवात केली तेव्हा एक पोरगी उठून म्हणाली, "आधी आमचं ऐका." गेल्या वर्षी वाडीच्या वर भेग दिसली होती. वाडीतल्याच दोन पोरांनी तिला खुंट्या मारून दर पंधरा दिवसांनी माप घेतलं. पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर आहे आणि तो वाचायला मास्तर नाही, सातवीतली मुलगी जाते. भूवैज्ञानिक आले, खुंट्या बघितल्या, मान हलवली. वाडी यादीत आली. सगळी माणसं जिवंत असताना.

जागा तीन दाखवल्या. पहिली बायकांनी पाण्याच्या अंतरावरून नाकारली. दुसऱ्या जागेवर स्मशान नव्हतं. तिसरी ठरली तेव्हा अट घातली की एक पावसाळा नुसती बघायची. पाणी कुठून वाहतं, कुठं तुंबतं, भराव खचतो का, सगळं पाहिलं. मग घरं. घराला गोठा आहे, परसात चूल आहे, कुठलं दार कुणीकडे असावं ते राहणारीनं सांगितलंय. सातबारा नवरा-बायको दोघांच्या नावावर. वरची खाचरं आणि वनहक्काचे पट्टे कोणी काढून घेतलेले नाहीत. दिवसा वर जाऊन कसायचं, पावसाचा जोर असेल त्या रात्री वर थांबायचं नाही.

सगळं सुरळीत आहे असं इथंही नाही. ज्या गावाच्या हद्दीत ही घरं आली, त्या गावाची पाण्यावरून कुरबूर आहे. म्हणून विहीर दोन्ही गावांची ठेवली आणि शाळेची नवी खोलीही दोघांची. आणि एक म्हातारा हलायला तयार नाही. त्याला कोणी ओढत नाही, पोलीस येत नाहीत. वाडीचा देव पालखीतून खाली नेला त्या दिवशी तो काठी टेकत सगळ्यात मागून आला. आता रोज सकाळी वर जातो, संध्याकाळी खाली येतो आणि नळाच्या पाण्याला चव नाही म्हणून सुनेशी वाद घालतो.

मग जुलै येतो. एका रात्री डोंगर खाली येतो आणि रिकामी वाडी घेऊन जातो. सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळी: दरड कोसळली, जीवितहानी नाही. मंत्री येत नाहीत, कॅमेरे येत नाहीत. म्हातारा एकटा वर जाऊन येतो आणि दोन दिवस कोणाशी बोलत नाही. घर गेल्याचं दुःख जीव वाचला म्हणून जात नाही. पण ते दुःख करायला तो जिवंत आहे.

गाडी मंचरला परत लागते. तलाठी वाटेत कधी उतरले ते कळलंच नाही. सीटवर त्यांची एक कोरी फाईल राहिली आहे, वर त्यांच्या अक्षरात फक्त दोन शब्द: 'पंचनाम्याच्या आधी'. तुम्ही उतरताना मागच्या लाल अक्षरांकडे पाहता. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग गाडी बांधताना ठेवावा लागतो. दरीत पडल्यावर तो कापून काढता येत नाही.

धरणग्रस्तांनी या राज्याला एक गोष्ट शिकवली होती, आधी पुनर्वसन, मग धरण. धरणाची तारीख सरकार ठरवतं, म्हणून ती पुढे ढकलता तरी येत होती. पावसाची तारीख कोणाच्या हातात नाही. म्हणून इथं आधी पुनर्वसन, मग पाऊस, याला पर्याय नाही. दरडीखाली राहणाऱ्या माणसाला जिवंतपणी 'ग्रस्त' ठरायचा हक्क कायद्यानं मिळाला पाहिजे, आणि त्या हक्कात घराबरोबर रान, पाणी, शेजार आणि नको म्हणण्याची मुभा असली पाहिजे.

तोवर एवढं करा. पुढच्या पावसाळ्यात ज्या वाडीतून तुम्ही ट्रेकला जाणार आहात, जिथली भाकरी खाणार आहात, तिचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत आहे का, हे जिल्हा प्रशासनाला लेखी विचारा. विचारायचं ते मे महिन्यात. जुलैमध्ये उत्तर डोंगराकडूनच येतं.